गल्लीपलीकडची वीज

रेमंड टर्नबुलला सौरऊर्जेतलं सगळं कळत होतं, कारण त्याने त्याविषयी फोनवर बरंच काही पाहिलं होतं. त्याआधी उभं आयुष्य तो ब्रॅकनली गावात टपाल वाटत होता, आणि तेही नेमक्या घरी पडेलच अशी खात्री नसायची. पण पेन्शन सुरू झाली की काही माणसांना ज्ञान फुटतं. रेमंडला तसं फुटलं होतं.

"कथबर्ट, तुझी बॅटरी मेलीय," तो शेडच्या दारात उभा राहून म्हणाला.

कथबर्ट हेस्लप मेंढ्याच्या शिंगावर कानस चालवत होता. त्याने मान वर केली नाही. "गावात कोण मेलं याची खबर तुलाच आधी लागते."

"चेष्टा नको करू. ही काय बॅटरी आहे? लोणच्याची बरणी आहे ही. आणि वर ते एक पॅनेल. त्यावर कबुतरं बसतात म्हणून त्याला पॅनेल म्हणायचं."

"कबुतरांची तक्रार नाही."

"तुझी आहे ना? दुपारी दोनला दिवा लाल होतो म्हणून कोण रडत होतं?"

रडणं हा शब्द कथबर्टला लागला, पण दिव्याचं खरं होतं. फेब्रुवारीची दुपार होती आणि शिंगावरची रेघ दिसेनाशी झाली होती. त्याने कानस खाली ठेवली.

खाणकंपनीने बांधलेल्या घरांची ती जुनी ओळ. घरामागे गल्ली, आणि गल्लीपलीकडे ज्याची त्याची बाग. कथबर्टची शेड बागेच्या टोकाला होती. घरातून वीज आणायची तर गल्ली खोदायला हवी, गल्ली खोदायची तर परवानगी हवी, आणि ती येईपर्यंत अर्जदारालाच त्या गल्लीतून खांद्यावरून न्यायची वेळ यायची. म्हणून त्याने आणि त्याची बायको विनी हिने कॅरव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचं फिरतं घर, विकताना तिच्यावरचं पॅनेल आणि बॅटरी काढून शेडला लावली होती. एक दिवा, रेडिओ आणि शिंग गुळगुळीत करायचं छोटं यंत्र, एवढं त्यावर आरामात चालायचं. कथबर्ट तिथे काठ्या करायचा. मेंढ्याचं शिंग तापवून वाकवायचं, त्याची मूठ करायची आणि हेझलच्या झाडाच्या सरळ दांड्यावर बसवायची. बसगाड्या दुरुस्त करून झिजलेल्या हातांना हे काम मानवलं होतं. हिवाळा हाच या कामाचा हंगाम, कारण दांडे तोडायचे ते पानं झडल्यावर.

विनी ऑगस्टमध्ये गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात दिवा दगा देऊ लागला. नोव्हेंबरात तो चारला लाल व्हायचा, जानेवारीत दोनला. अंधार झाला की कथबर्ट गल्ली ओलांडून घरी यायचा आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसायचा. टीव्ही नेहमी चालू असायचाच असं नाही.

त्याची मुलगी गिलियन लीड्सला राहायची. ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला न कळवता आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. खिडकीचे पडदे बंद होते, दूध फाटलेलं होतं आणि सकाळचं पाव-लोणी तसंच बशीत होतं. ते कोणत्या सकाळचं, हे त्यालाही सांगता आलं नाही. तिने पडदे उघडले, बशी धुतली आणि मग समोर येऊन बसली.

"बाबा, माझ्या घराजवळ छान सदनिका आहेत. तुझ्या वयाच्या माणसांसाठीच बांधलेल्या. प्रत्येक खोलीत दोरी असते. ओढली की लगेच कुणीतरी येतं."

"दोरी ओढायची जागा मला एकच ठाऊक आहे, संडास. आणि तिथे कुणी येऊ नये अशीच इच्छा असते."

"मी थट्टा करत नाहीये. मला रात्री झोप लागत नाही. फोन उचलला नाहीस की वाटतं, गेलास."

तिने खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाली, "आई असताना तू हिवाळाभर त्या शेडमध्ये असायचास. जेवायला हाका माराव्या लागायच्या. तसा असशील तर मी कशाला नेऊ तुला? पुढच्या नाताळला येईन. तू शेडमध्ये काम करताना दिसलास, तर हा विषय मी परत काढणार नाही. या खुर्चीत दिसलास तर सामान बांधायचं."

"आणि शेडमधल्या खुर्चीत दिसलो तर?"

"बाबा."

"बरं."

म्हणून रेमंडच्या ज्ञानाला वाव मिळाला. मे महिन्यात दोघं मोठ्या गावातल्या सौरसामानाच्या दुकानात गेले. तिथला तरुण विक्रेता हात चोळत पुढे आला आणि म्हणाला, "मग, आपल्या सौर प्रवासाची सुरुवात कुठून करायची?"

"प्रवास नको," कथबर्ट म्हणाला. "मला घरीच राहायचंय."

त्याने चार मोठी पॅनेलं घेतली, लिथियमची बॅटरी घेतली, इन्व्हर्टर घेतला आणि भिंतीवर लावायचा एक निळा डबा घेतला. तो डबा काय करतो हे विक्रेत्याने दोनदा सांगितलं, रेमंडने घरी येताना तिसऱ्यांदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा तो वेगवेगळं काम करत होता. चारही पॅनेलं रेमंडने एका माळेत जोडली. जुन्या नाताळच्या दिव्यांची माळ असते तशी. एक दिवा गेला की सगळी माळ विझते, हे या देशातल्या प्रत्येक माणसाला लहानपणापासून ठाऊक आहे. रेमंडलाही होतं. पण पॅनेलं म्हणजे काही नाताळचे दिवे नव्हेत, असं तो म्हणाला.

उन्हाळाभर शेड झगमगली. रेमंड रोज फोन काढून आकडे दाखवायचा. घरी सोफ्यावर बसून कथबर्टच्या बॅटरीचं पोट किती भरलंय ते त्याला दिसायचं, आणि आपण काहीतरी मोठं केलंय असं त्याला वाटायचं.

"बघितलंस? सगळी मांडणी माझी."

"जून आहे, लेका. जूनमध्ये जमिनीत दगड पेरला तरी उगवतो."

ऑक्टोबर लागला आणि आकडे उतरले. नोव्हेंबरात ते इतके उतरले की रेमंडने फोन खिशातून काढणंच बंद केलं. दुपारी तीनला इन्व्हर्टर टुकटुक करायचा आणि गप्प व्हायचा. कथबर्ट तरीही बसून राहायचा, शिंग बोटांनी चाचपत. मग बोटं गारठायची आणि तो घरी जायचा. घरात गेलं की बसायला ती खुर्चीच होती.

"थंडी असेल," एका दुपारी रेमंड म्हणाला. "लिथियमला थंडी सोसत नाही."

"असेल."

"किंवा तारा बारीक पडत असतील."

"असेल."

हे बोलणं चाललं होतं ते शेजारच्या ऑब्री पेनफोल्डच्या कुंपणाच्या सावलीत. कुंपण बागेच्या दक्षिणेला होतं. सुरूसारख्या झाडांचं, दाट, आणि वाढीला अगदी निर्लज्ज. हिवाळ्यातला सूर्य या भागात टेकडीच्या वर जेमतेम डोकं काढतो. त्या दोन वर्षांत कुंपण शेडच्या छपरापेक्षा उंच गेलं होतं आणि त्याची सावली सकाळपासून पॅनेलांवर पसरलेली असायची. पूर्वी ते माणसाच्या खांद्याएवढं असायचं. का असायचं, हे कथबर्टने कधी विचारलं नव्हतं. नळाला पाणी का येतं, हे कोण विचारतं?

सावली दोघांनाही दिसत होती. दोघांच्या टोप्यांवरच ती पडली होती. शेवटी रेमंडने हनुवटीने कुंपणाकडे खूण केली. "सांगून बघ की त्याला."

"कुणाला?"

"ज्याचं आहे त्याला."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"भांडण झालंय?"

"भांडायला बोलावं लागतं."

पेनफोल्ड देशाच्या दक्षिणेकडचा. शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झाला आणि इथे येऊन राहिला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती, पण गाव त्याला अजून नवाच समजायचं. एकटा राहायचा, गवती टोपी घालायचा आणि कुत्रं अंगावर धावून आलं तर कुत्र्याची माफी मागायचा. असल्या माणसाकडे जाऊन काही मागायचं म्हणजे त्याच्यासारखंच व्हायचं, असं कथबर्टला वाटे. शिवाय कुंपण त्याच्या हद्दीत, झाडं त्याची. माणसाने दुसऱ्याच्या झाडांबद्दल तोंड उघडू नये, हा इथला नियम. कुणी केलेला नाही, पण सगळे पाळतात.

मग कथबर्टने गावातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच केलं. एक वाक्य बोलण्याऐवजी त्याने लोखंडी नळ्या आणल्या आणि शेडच्या बाजूला सांगाडा उभारला. कुंपणापेक्षा उंच. चारही पॅनेलं छपरावरून काढून वर नेली. रेमंड खालून सूचना देत होता आणि त्यातली एकही कथबर्ट ऐकत नव्हता, म्हणून सांगाडा निदान उभा तरी राहिला.

"फाशी कुणाला देताय?" गल्लीतून जाणाऱ्या एका बाईने विचारलं.

"रेमंडला. पण रांग आहे."

सांगाड्यावर ऊन पडलं आणि संध्याकाळपर्यंत दिवा राहिला. कथबर्टने एका मुठीला कोकराच्या डोक्याचा आकार दिला. आता येऊ दे गिलियनला, असं तो मनात म्हणाला. पॅनेलांचं एवढं मोठं शीड उंच लावलं की वारा काय करतो, हे त्याला कळायला हवं होतं. रेमंडला तर हवंच होतं, पण त्याच्या फोनमध्ये वारा नव्हता.

डिसेंबरच्या सुरुवातीला वादळ आलं. सकाळी सांगाडा शेजारच्या बागेत, रेमंडच्या लीक या कांदापातीसारख्या भाजीच्या वाफ्यावर आडवा पडला होता. तीन पॅनेलं चिखलात होती, जेमतेम शाबूत. चौथं दिसेना.

कथबर्ट ते शोधत होता तेवढ्यात पेनफोल्ड फाटकाशी आला. समोर एकचाकी ढकलगाडी, आणि गाडीत गोधडीत गुंडाळलेलं पॅनेल. आजारी माणसाला आणावं तसं त्याने ते आणलं होतं.

"मिस्टर हेस्लप, माफ करा. हे तुमचं आमच्याकडे आलं."

"कुठे पडलं?"

"रोपांच्या काचघरावर. म्हणजे, थोडं आतही गेलं."

"काचा फुटल्या असतील."

"थोड्या. जुन्याच होत्या. खरं तर चूक माझीच. मी काचघर तिथे बांधायलाच नको होतं."

कथबर्ट त्याच्याकडे बघत राहिला. ज्याचं घर फोडलं तो स्वतःच्याच घराला दोष देत होता. अशा माणसावर हसूही येत नाही, कारण तो तेवढीही जागा ठेवत नाही. पण कुणी असं काही घेऊन आलं तर त्याला चहा न देता पाठवायचं नाही, हाही इथला नियमच. तो तर पहिल्यापेक्षाही कडक. कथबर्टने शेडमधल्या गॅसच्या शेगडीवर किटली ठेवली आणि पेनफोल्डला स्टूल दिलं.

पेनफोल्डने दोन्ही हातांनी कप धरला. बाकावरचं अर्धवट कोकरू पाहिलं, बंद दिवा पाहिला, मग खिडकीतून दिसणारं आपलंच कुंपण पाहिलं.

"मिसेस हेस्लप दर सप्टेंबरला यायच्या," तो म्हणाला.

"कुठे?"

"माझ्याकडे. आल्याचा केक घेऊन. म्हणायच्या, ऑब्री, वेळ झाली. मग मी शिडीवर चढून कापायचो आणि त्या खालून शिडी धरायच्या."

कथबर्टच्या हातातला चमचा थांबला. "मी कुठे असायचो?"

"तुम्ही काठ्यांच्या प्रदर्शनाला गेलेले असायचात. तोच दिवस त्या धरायच्या." पेनफोल्ड जरा घुटमळला. "म्हणायच्या, त्यांना सांगू नका. ते येतील आणि कसं कापायचं ते तुम्हाला शिकवतील."

इतक्या हिवाळ्यांत या दिव्याखाली बसून कथबर्टने स्वतःच्या कारागिरीचं कौतुक केलं होतं. कॅरव्हॅनचं पॅनेल, तारा नीट जोडलेल्या, खर्च काहीच नाही. येईल त्याला तो ते दाखवायचा. विनी तिथेच चहा ओतत असायची आणि काही म्हणायची नाही. एकदाही नाही.

"मग गेल्या वर्षी का नाही कापलंत?" त्याचा आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा चढला. "आणि या वर्षी?"

"कुणी सांगितलं नाही."

"अहो, तुमचं कुंपण आहे."

"हो, पण मला वाटलं, तुम्हाला आडोसा हवा असेल. घरात असं झाल्यावर कुंपणाबद्दल कसं विचारायचं? आणि नंतर इतके दिवस गेले की विचारायला लाज वाटायला लागली."

"तो सांगाडा दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की. रोज बघत होतो. म्हटलं, काहीतरी छंद असेल."

कथबर्टच्या मनात आलं की या माणसाला लॅटिन शिकवायला ठेवणाऱ्या शाळेची चौकशी व्हायला हवी होती. मग मनात आलं की सावलीत उभा राहून तारांची जाडी मोजणारा आपणही तिथेच भरती व्हायला हरकत नव्हती. पेनफोल्डने कप ठेवला, टोपी घातली आणि तो दारात उभा राहिला. निघत मात्र नव्हता. वाट बघत होता. कशाची, ते दोघांनाही कळत होतं, आणि ते वाक्य आता आणून द्यायला विनी येणार नव्हती.

"ते कुंपण," कथबर्ट म्हणाला.

"हो?"

"वाढलंय."

"वाढलंय खरं."

"उन्हाच्या आड येतं."

"येत असेल, हो."

"कापा." तो थांबला. "म्हणजे, कापाल का?"

"अगदी आनंदाने," पेनफोल्ड म्हणाला आणि त्याने टोपी काढली. "फक्त शिडी कुणीतरी..."

"धरतो."

झाडं आता बोटाने वाकवण्याइतकी राहिली नव्हती, मनगटाएवढी झाली होती. कात्रीचं काम करवतीवर गेलं. पेनफोल्ड दोन फांद्या कापून दम खायचा, म्हणून एका दिवसात होईना. कथबर्टने पॅनेलं परत छपरावर चढवली आणि रोज सकाळी शिडीखाली जाऊन उभा राहिला. जमीन ओली होती. शिडीचा पाय जरा कुठे भार बदलला की रुतायचा, आणि पूर्ण अंग टाकून तोलावं लागायचं. विनीचं वजन ते केवढं. शेवटच्या सप्टेंबरला ती आजारी नव्हती, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ती दमायची, हे कथबर्टला आठवत होतं, आणि प्रदर्शनाहून परत आल्यावर एकदा ती कोट न काढताच झोपलेली होती. तिच्या कोटाला बारीक हिरवी पानं चिकटलेली होती. त्याने ती झटकली होती आणि विचारलं नव्हतं.

"डावीकडे धरा," तो वर ओरडला. "अहो, डावीकडे. लॅटिनमध्ये डावं नसतं का?"

"असतं. अशुभ मानतात."

"मग कापा ते."

गिलियन नाताळच्या दोन दिवस आधी आली, सांगितलं होतं त्यापेक्षा लवकर. मुद्दामच. तिने घराचं दार उघडलं तेव्हा पडदे उघडे होते आणि खुर्ची रिकामी होती. तिने जिन्यावरून वर हाक मारली. मग गल्लीपलीकडून बापाचा आवाज आला. तो कुणाला तरी शिव्या देत होता.

ती बॅग तशीच हातात घेऊन बागेत गेली. अर्धं कुंपण खांद्याएवढं झालं होतं, उरलेलं अजून उभं होतं. मधली रेघ वाकडी होती. शिडीवर गवती टोपीतला म्हातारा होता आणि खाली तिचा बाप शिडीला मिठी मारून, केसांत पाचोळा घेऊन. शेडच्या अर्ध्या छपरावर ऊन पडलं होतं. कडेला रेमंड फोन काढून उभा होता.

"बघ गिलियन," रेमंड म्हणाला, "मांडणी माझी होती म्हणून."

"बाबा," ती म्हणाली.

"थांब. सोडलं तर हा माणूस पडेल, आणि पडता पडता माफी मागेल."

"मी काही म्हटलंच नाही."

"दिवा लागतो," कथबर्ट म्हणाला. तिच्याकडे न बघता. "पाचपर्यंत. सगळं कापून झालं की सातपर्यंत लागेल. बसून बघ पाहिजे तर."

ती बघायला गेली. बाकावर शिंगाची धूळ होती, ताजी. कोकराला आता कान होते.

रात्री जेवताना तिने लीड्सचं नावही काढलं नाही. काढलं असतं तरी तिला जागा मिळाली नसती, कारण कथबर्टच बोलत होता. पेनफोल्ड करवत कशी धरतो, त्याला झाडाचा तोल कळत नाही, असल्या माणसाच्या हाती इतकी वर्षं मुलं दिली कुणी, आणि चहात साखर किती घालतो.

"मग उद्या नको जाऊस," ती म्हणाली.

"नको कसा? अर्धं राहिलंय," तो म्हणाला. "आणि तो सकाळी आठला येऊन उभा राहतो. मूर्ख आहे. मी नाही गेलो तर तसाच उभा राहील."